वन्संच्या पायातलं हिरवं

तुमच्या आजोबांच्या तेराव्याला तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावरून आमच्यात बसला होतात. तुमच्याकडे अजून उजाडायचं होतं, तुमच्या मागच्या खिडकीत अंधार दिसत होता. इथे देवासला ऊन पार स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. जेवणं झाली, पानं उचलली, माणसं पांगली, आणि फोन तसाच टेबलावर टेकून राहिला. पुढे काही दिवसांनी धाकटीने मला विचारलं, "आजी, आत्याआजी सगळा वेळ पाणी हातात घेऊन का बसली होती? पीत का नव्हती? तिला तहान नव्हती का?"

मी "नंतर सांगते" म्हणाले आणि विषय बदलला. फोनवर असल्या गोष्टी सांगता येत नाहीत. मधेच कुणीतरी "आवाज येत नाहीये" म्हणतं आणि वाक्य तुटतं. म्हणून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. मी सगळं क्रमाने सांगणार आहे, कारण क्रम सोडला तर मला रडू येतं आणि मग काहीच सांगून होत नाही.

आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. पुण्या-मुंबईकडे हा शब्द आता कुणी वापरत नाही म्हणे, पण आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत नणंदेला अजून वन्संच म्हणतात. आजोबा त्यांना अक्का म्हणत, आणि त्या आजोबांना बाळ. सत्तरी ओलांडलेल्या, टक्कल पडलेल्या, पेन्शन घेणाऱ्या माणसाला त्या भर बाजारात "बाळ, मफलर गुंडाळ रे" म्हणून ओरडायच्या आणि भाजीवाला हसायचा. वन्सं धारला राहतात. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. निवृत्त झाल्या तरी तळ्याजवळचं ते दोन खोल्यांचं घर त्यांनी सोडलं नाही.

आजोबा लहान असताना त्यांना टायफॉइड झाला होता. वैद्यांनी आशा सोडल्यावर त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, संकष्टी चतुर्थीचा निर्जळी उपास धरला. दिवसभर अन्न नाहीच, पाण्याचा थेंबही नाही, आणि चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय उपास सोडायचा नाही. पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते, तिच्यावर लोक उपास सोडतात. सासूबाईंना ते मान्य नव्हतं. मूल बरं झालं, पण त्यांनी उपास बंद केला नाही. "तो आहे तोवर" असं त्या म्हणाल्या होत्या. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी लेकीला जवळ बोलावलं, तिच्या ओंजळीत तांदूळ आणि सुपारी घातली आणि म्हणाल्या, "बाळची चतुर्थी आता तुझ्याकडे." आमच्या घरात नवस असा हातातून हातात देतात. सुनेकडे का दिला नाही, असं मी एकदा यांना विचारलं होतं. हे म्हणाले, "तू पंचांग बघून जेवली असतीस." खरंच होतं ते.

तेव्हापासून महिन्याच्या त्या दिवशी संध्याकाळी देवासहून धारला फोन जायचा.

"अक्का, हप्ता भरला का?"

"भरतेय. चंद्र नाही अजून."

"इकडे दिसला गं. गच्चीवरून स्वच्छ दिसतोय. सोड आता."

"तुला दिसला ना? मग तू जेव."

हा त्यांचा ठरलेला विनोद होता. अक्का माझ्या विम्याचा हप्ता भरते, असं आजोबा सगळ्यांना सांगायचे. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे चंद्र दिसायचा नाही, आणि वन्सं दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत तशाच राहायच्या. त्यांच्या शेजारीण बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या वन्संच्या ओठांना चिरा पडतात हो."

आता पायाचं सांगते.

साठी उलटल्यावर त्यांचा उजवा पाय दुखायला लागला. घोट्याच्या खाली, पावलाच्या मधोमध. दुखणं एकाएकी उठायचं. पाय लाल, गरम, चादरीचा स्पर्शही सहन व्हायचा नाही. चार-आठ दिवसांत आपोआप ओसरायचं. पावसाळ्यात जास्त. लोक म्हणाले, वात आहे, दमट हवेने होतो. निर्गुडीचा पाला शेकून झाला, तेलं झाली. मग धारच्या एका डॉक्टरांनी संधिवात ठरवला आणि मोठ्या गोळ्या सुरू केल्या. त्यांनी वन्संचा चेहरा, हात सुजले, पाय मात्र तसाच राहिला. एकदा कुणी म्हणालं, युरिक ॲसिड बघा. दुखणं जोरात असतानाच रक्त दिलं, आकडा ठीक आला (ऐन दुखण्यात तो कधीकधी खाली येतो, हे फार नंतर कळलं), आणि तो विषय संपला. युरिक ॲसिडच्या त्या आजाराला इंग्रजीत गाऊट म्हणतात. हा शब्द मला कॉलेजपासून माहीत होता. पण तो ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर इंग्रजी कादंबऱ्यांतले लाल नाकाचे जमीनदार यायचे, बँडेज बांधलेला पाय स्टुलावर ठेवून पोर्टवाइन पिणारे. वन्सं तर चातुर्मासात कांदासुद्धा खात नाहीत. त्यांना तो आजार असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

मग एका पावसाळ्यात दुखणं ओसरेचना. नवा एक्स-रे काढला तर पावलाच्या एका हाडाला भोक पडल्यासारखं दिसलं, कुणी चावा घ्यावा तसं. शल्यचिकित्सक म्हणाले, हाडाचा क्षय असेल, नाहीतर गाठ असेल. सुई घालून बघितली, हाती काही आलं नाही. "उघडून बघावं लागेल," ते म्हणाले, आणि व्हरांड्यात तुमच्या आजोबांना बाजूला घेऊन सांगितलं की पाऊल जाऊ शकतं, मनाची तयारी ठेवा.

तुमच्या आजोबांनी त्या दिवशी मला देवासला फोन केला. "पाऊल कापायचं म्हणतात गं," एवढंच बोलले. 

कापण्याआधी दुसरं मत घ्यायचंच, असा मी हट्ट धरला आणि आम्ही वन्संना इंदूरला नेलं. तिथली सांध्यांची डॉक्टर तरुण होती. इंदूरच्याच मराठी घरातली, पण बोलताना हिंदीकडे घसरणारी. तिने पाऊल हातात घेतलं, सगळ्या गोळ्यांची नावं विचारली. रक्तदाबासाठी वन्सं कित्येक वर्षं लघवीची गोळी घेत होत्या, तिथे ती जराशी थांबली. मग म्हणाली, "आजी, एक वेगळा सीटी करू न. कापायचं नंतर बघू."

या वेगळ्या सीटीबद्दल तुम्हाला नीट सांगते, कारण थोरल्याला असल्या गोष्टी आवडतात. साध्या सीटीत शरीराचे काप दिसतात, पण सगळे पांढऱ्या-करड्या छटांत. हे यंत्र दोन वेगवेगळ्या ताकदींचे क्ष-किरण सोडतं. हाडातला चुना ते किरण एका रीतीने अडवतो, आणि गाऊटमध्ये सांध्यांत साठणारं युरेट नावाचं मीठ दुसऱ्या रीतीने. दोन्ही चित्रं ताडून बघितली की काय कुठे आहे ते संगणकाला कळतं, आणि तो रंग भरतो. हाडाला निळा-जांभळा, मिठाला हिरवा. सुई नाही, चिरा नाही.

आत न्यायच्या आधी तिथल्या माणसाने हिंदीत विचारलं, "अम्माजी, पैरों में बिछिया हो तो उतार दो."

बिछिया म्हणजे जोडवी. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "वो तो कब की उतर गई, भिया."

तो बिचारा ओशाळला. वन्संनीच त्याच्या दंडावर थोपटलं. मग त्या अरुंद फळीवर आडव्या झाल्या, पाय पुढे करून, आणि मोठ्या गोल कड्यातून त्यांची पावलं आत गेली. काचेपलीकडून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. अथर्वशीर्ष चाललं असणार. तो माणूस माइकवरून म्हणाला, "अम्माजी, बस पैर मत हिलाना." ओठांना त्याने मोकळीक दिली.

दुपारी डॉक्टरने आम्हा तिघांना पडद्यासमोर बसवलं. दोन पावलं होती, हवेत तरंगत असल्यासारखी, जांभळी. आणि उजव्या पावलात, घोट्याच्या पुढे, हाडांच्या सांदीसांदीत हिरवं भरलेलं होतं. अंगठ्याच्या मुळाशीही थोडं. हाडाला जिथे भोक होतं तिथे तर हिरव्याचा गोळाच बसला होता.

"पावसाळ्यात मांडूच्या किल्ल्याच्या भिंती दिसतात तसं दिसतंय," वन्सं म्हणाल्या.

"हे मीठ आहे, आजी. युरेट."

"मीठ? अगं, मी चतुर्थीला मीठ शिवतसुद्धा नाही."

"खायचं मीठ नाही. रक्तात तयार होतं, किडनी बाहेर टाकते. नाही टाकलं गेलं तर सांध्यात जाऊन जमतं. गाऊट आहे तुम्हाला."

"म्हणजे गाठ नाही?" आजोबांनी विचारलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

"नाही."

"आणि कापायचं?"

"कशाला कापता? रोज एक गोळी. हळूहळू विरघळेल. वर्ष-दीड वर्ष लागेल."

आजोबांनी वन्संच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्यांचा चष्मा घसरला. "अक्का, वाचलीस! आता चालत टेकडी चढशील तू, बघ!" आमच्या देवासच्या देवीच्या टेकडीवर आता रोपवेच्या झुल्यातून वर जाता येतं, पण वन्संना ते चालत नाही, गेली काही वर्षं त्या खालूनच हात जोडून परत जात होत्या.

मी मात्र पडद्याकडे बघत होते. एक गोष्ट मला खटकत होती. "डॉक्टर, सगळ्या बोटांच्या टोकांनाही हिरवं दिसतंय. डाव्या पायालासुद्धा. तिथे तर कधी दुखलं नाही."

ती हसली. "ती नखं आहेत, आंटी. नखं मशीनला फसवतात. तिथे मीठबीठ काही नसतं, तरी हिरवं दिसतं. तुमचा पाय ठेवला तर तुमचीही दिसतील. कुठलं हिरवं खरं आणि कुठलं खोटं, ते आम्हाला शिकावं लागतं."

आम्ही सगळे हसलो. तेवढा वेळ आम्ही खरोखर आनंदात होतो, हे मला मुद्दाम नोंदवून ठेवायचं आहे.

मग तिने लिहिता लिहिता सहज विचारलं, "दुखणं कधी उठतं, आजी? काही लक्षात येतं का?"

"येतं की," वन्सं म्हणाल्या. "चतुर्थी झाली की उठतं. चतुर्थीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नेहमीच नाही, पण उठलं की चतुर्थीनंतरच."

"चतुर्थीला काय करता?"

वन्संनी सांगितलं. निर्जळी, चंद्र, ढग, सकाळ. आणि पुढे जे सांगितलं ते मला, आजोबांना, कुणालाच माहीत नव्हतं. "उपासानंतरच दुखतं म्हणजे उपासात माझं काहीतरी चुकत असणार. म्हणून मी गेली काही वर्षं एकादशीही निर्जळी करते. बाळच्याच नावाने."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजी," ती म्हणाली, आणि तिला मराठी शब्द सापडेनात म्हणून हिंदीत म्हणाली, "उसी से तो होता है." दिवसभर पाणी नाही, अन्न नाही, वरून लघवीची गोळी, रक्तातलं मीठ वाढतं आणि सांधा पेटतो. उपास करा, फळं खा, पण पाणी प्यायलाच हवं, भरपूर.

"पाणी प्यायलं तर तो उपास कसला?" वन्सं म्हणाल्या.

परतताना आजोबा पुढच्या सीटवर बसले होते. एरवी गाडीत बसलं की ड्रायव्हरशी "क्यों भिया, सोयाबीन कैसा है इस बार" सुरू व्हायचं. त्या दिवशी धार येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. वन्संना घरी टेकवून आम्ही बाहेर आलो, तर ते ओट्यावरच बसून राहिले.

"मी हप्ता हप्ता म्हणून चेष्टा केली गं," ते म्हणाले. "आणि तो तिच्या हाडातून जात होता."

मी म्हटलं, तुम्हाला कुठे माहीत होतं? ते म्हणाले, "म्हणूनच."

वन्संनी नवी गोळी घ्यायला सुरुवात केली, लघवीची गोळी बदलून घेतली, पण उपासाचं काही ऐकेनात. मी समजावून पाहिलं. माझ्याशी त्या कधी कडक बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "वहिनी, पाय माझा आहे आणि नवस आईचा आहे. तुम्ही मधे पडू नका. पाऊल गेलं तर गेलं. बाळला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

पुढची चतुर्थी आली. आजोबा सकाळीच देवासहून निघाले, मला बरोबर घेतलं. कशासाठी ते सांगितलं नाही. धारला पोचलो तर वन्सं पूजा करत होत्या. हे त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले, खिशातली हृदयाच्या गोळ्यांची डबी काढली, आणि न उघडता जमिनीवर ठेवली. त्यांच्या छातीचं दुखणं जुनं होतं. सकाळची गोळी त्यांनी आजवर कधी चुकवली नव्हती.

"सकाळची गोळी घेतली नाहीस?" वन्संनी लगेच ओळखलं.

"नाही. आज माझाही निर्जळी. पाणीच नाही, तर गोळी कशी घेऊ?"

"वेड लागलंय का तुला? घे आधी."

"आधी तू."

"बाळ, थट्टा पुरे."

"थट्टा नाही करत. तू प्यायलीस की मी पिईन."

"हे असलं कुठे शिकलास?"

"तुझ्याकडेच."

मी मधे पडले नाही. मला पडू नका म्हणून सांगितलं होतं ना. ऊन अंगणात चढत गेलं. वन्संनी निवडायला तांदूळ घेतले, ठेवले, पुन्हा घेतले. मधेच म्हणाल्या, "तुझे ओठ पांढरे पडलेत." हे म्हणाले, "तुझे बघ आरशात."  दुपार व्हायच्या सुमाराला वन्सं उठल्या, लंगडत आत गेल्या आणि दोन फुलपात्रं भरून घेऊन आल्या. फुलपात्र म्हणजे तो छोटा पितळी पेला. तुम्ही आलात तेव्हा त्यातूनच दूध प्यायला होतात. एक त्यांनी भावाच्या हातात दिलं आणि डबी उघडून गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली. दुसरं स्वतः धरून उभ्या राहिल्या. देवाकडे पाहिलं. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मग प्यायल्या, डोळे मिटून, औषध प्यावं तसं.

"बास?" त्या म्हणाल्या.

"बास," हे म्हणाले, आणि यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

त्यानंतर चतुर्थीचा फोन बदलला. "अक्का, पाणी प्यायलीस का?" "प्यायले रे बाबा, हंडाभर." पहिले दोन महिने पाय अधूनमधून दुखलाच, मीठ विरघळायला लागलं की सुरुवातीला असं होतं, असं डॉक्टरने सांगून ठेवलं होतं. मग दुखणं थांबलं. दिवाळीत वन्सं भाऊबिजेला आमच्याकडे आल्या, तेव्हा पायात चप्पल घालून जिना चढल्या. आजोबांनी टेकडीचा बेत पक्का केला. थंडी सरली की जाऊ, चालत, हळूहळू, तिघंही.

पौषात आजोबा गेले. हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी फिरायला निघताना स्वेटरमध्ये एक हात घातला होता, दुसरा घालायचा राहिला. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. डॉक्टर म्हणाले, छातीचं जुनंच दुखणं होतं, ते कधीतरी हे करणारच होतं.

धारहून वन्संना आणलं. त्या दारातून आत आल्या, भावाजवळ बसल्या नाहीत, आधी माझ्याकडे आल्या. माझे दोन्ही हात धरून विचारलं, "सकाळची गोळी घेतली होती का त्याने?"

"हो."

"पाण्याबरोबर?"

"हो, वन्सं."

त्यांनी मान हलवली आणि मग जाऊन त्याच्या पायांशी बसल्या. त्या रडल्या नाहीत. मी वाट बघत होते, त्या मला काहीतरी बोलतील म्हणून. मशीन, इंदूर, डॉक्टर, हे सगळं माझ्या पुढाकाराने झालं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेराव्याच्या दिवशी संकष्टी होती. मुद्दाम कुणी ठरवली नव्हती, तिथीच तशी आली. सकाळी वन्संनी माझ्या मांडणीवरून आजोबांचं फुलपात्र काढून घेतलं, पाण्याने भरलं आणि हातात धरून बसल्या. तुम्ही पडद्यावर पाहिलंत ते हेच. त्यांना तहान होती, बाळांनो. खूप असणार. पण सासूबाईंनी "तो आहे तोवर" म्हणून सांगितलं होतं. आता तो नव्हता. उपास संपला होता; पाणी प्यायला कुणाची ना नव्हती. उपास करायचा तर कुणासाठी, आणि प्यायचं तर समोर बसून "आधी तू" म्हणणारं कोण? संध्याकाळी त्यांनी ते पाणी जपून तुळशीत ओतलं, फुलपात्र घासून जागेवर ठेवलं आणि झोपायला गेल्या.

पुढे पावसाळा संपल्यावर डॉक्टरने ठरवून दिलेला दुसरा सीटी आला. वन्सं म्हणत होत्या, आता कशाला? टेकडीवर कुणाबरोबर जायचंय मला? मी म्हटलं, मी एकटीने इंदूरला जाऊन काय करू, पाय तर तुमच्याकडे आहे. त्यावर जरा हसल्या आणि आल्या.

पडद्यावर पुन्हा ती दोन जांभळी पावलं आली. हिरवं जवळजवळ सगळं गेलं होतं. घोट्याच्या पुढे एक ठिपका उरला होता, मोहरीएवढा. हाडातली पोकळी तशीच होती, पण रिकामी. डॉक्टर खूष होती. वन्सं वाकून बघत राहिल्या आणि बोटांच्या टोकांकडे हात करून म्हणाल्या, "हे मात्र राहिलं."

"ते राहणारच, आजी. ती नखं. ते खरं कधी नव्हतंच."

परतताना आम्ही दोघी मागे बसलो होतो. आजोबांची पुढची जागा रिकामी होती. ड्रायव्हरने तिथे आमच्या पिशव्या ठेवल्या होत्या. वाटेतलं घाटाबिल्लोद गाव मागे पडलं तेव्हा वन्सं खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "वहिनी, एक विचारते. तुम्ही शिकलेल्या आहात, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"विचारा."

"मी पाणी प्यायला लागले म्हणून तर नाही ना गेला तो?"

इतके महिने मी ह्या प्रश्नाची वाट पाहत होते आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. हृदयाचा जुना आजार, डॉक्टरांचं म्हणणं, वय, सगळं ओळीने. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "नाही, वन्सं. नखांचं हिरवं असतं ना, तसं आहे ते. दिसतं, पण तिथे काही नसतं."

त्या खिडकीपासून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "नखं फसवतात हे डॉक्टरला माहीत असतं, कारण तिने पुष्कळ पाय बघितलेत. मला एकच भाऊ होता."

  मी नुसता त्यांचा हात धरला. त्या मोठ्या गोळ्यांची सूज केव्हाच उतरली आहे, हात पुन्हा पूर्वीसारखे बारीक झालेत.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणताय तर नाही." आणि पिशवीतली बाटली मागून घेतली. झाकण उघडलं, पण गाडी धारच्या तळ्याशी थांबेपर्यंत ती तशीच मांडीवर धरून ठेवली.

टेकडीवर आम्ही गेलो नाही. वन्सं आता भाजी आणायला, देवळात, सगळीकडे चालत जातात. पाय दुखत नाही, असं विचारलं की सांगतात. आपणहून सांगत नाहीत.

नवस संपला, तरी चतुर्थीला संध्याकाळी मी फोन करते. हे गच्चीवर जाऊन करायचे, म्हणून मीही जाते, कठडा धरून हळूहळू. पहिल्यांदा केला तेव्हा त्या पलीकडून काही क्षण बोलल्याच नाहीत. देवासचा नंबर त्या वेळी वाजला म्हणून असेल. गेल्या चतुर्थीला आभाळ भरलेलं होतं.

"दिसला का हो तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही. ढग आहेत."

"इकडेही."

"पाणी प्यायलात?"

"पिते नंतर."

"नंतर नाही. फोन कानाला धरूनच प्या. मीही आणलंय इथे."

त्यांनी भांड्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी आपली फुलपात्र हातात घेऊन उभी होते, न पिता. शेवटी पलीकडून घोट गिळल्याचा बारीक आवाज आला, मग आणखी एक. तेव्हा मी प्यायले.